नोंदीपुढची दोन टिंबं

शालन पेंडुरकरला गेल्या अकरा वर्षांत आलेलं हे पहिलं पत्र, ज्यातून तिला कुणी काही विकू पाहत नव्हतं. तेही खऱ्याखुऱ्या कागदावरचं. २०४६ साली कागदी पत्र म्हणजे एक तर सरकारी, नाही तर दुखवट्याचं. आणि शालनला दुखवटा कळवावा असं तिच्या माणसांत आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून पोस्टाच्या माणसानं पाकीट देता देता विचारलंच, "काय गो शालनमावशे, कोर्टाचा काय?"

"तुका कित्याक व्हयी?" म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं आणि ओटीवर उभ्या उभ्याच पाकीट फोडलं.

पत्र पुण्याच्या तारामापन केंद्राचं होतं. तिचे वडील कै. बाबी पेंडुरकर यांच्या नावावर एका ताऱ्याच्या तेजस्वितेच्या दोन हजार पाचशे एक्क्याण्णव नोंदी होत्या. त्या 'पारख' या प्रणालीनं तपासल्या होत्या. १९८० ते २०१० या एकतीस वर्षांच्या नोंदी एकाच नजरेच्या आहेत, असं पत्रात लिहिलं होतं. पुढच्या सहा वर्षांच्या चारशे तेवीस नोंदी त्या नजरेच्या नाहीत. आणि त्यांतल्या एकशे सदतीस तर कुठल्याच नजरेच्या नाहीत. समाधानकारक खुलासा झाला नाही, तर श्री. पेंडुरकर यांचा सगळाच्या सगळा नोंदसंच वगळण्यात येईल. आमच्या संशोधक रेवती सोनकांबळे मूळ वह्या पाहण्यासाठी येत्या मंगळवारी आपल्याकडे येतील.

'कुठल्याच नजरेच्या नाहीत' हे वाक्य शालननं तीनदा वाचलं. मग पत्राची घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवली. चोरानं माल लपवावा तशी तिनं ती ठेवली, आणि लपवायचं कुणापासून, घरात तर ती एकटीच, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. जी गोष्ट तिनं आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, ती पुण्यातल्या एका यंत्राला ठाऊक होती.

पारखबद्दल तिनं बातम्यांत ऐकलं होतंच. कोण नव्हतं ऐकलं? त्यामागची कल्पना तशी साधी होती. प्रत्येक माणूस चुकतो, पण प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं चुकतो. कुणाला तारा नेहमी जरा जास्त तेजस्वी दिसतो, कुणाला लालसर तारा फसवतो, कुणाचा हात अर्ध्यापेक्षा पाऊणकडे वळतो. पारख आकड्यांतली ही चुकण्याची लकब ओळखायचं आणि नोंद कुणाची ते सांगायचं. शास्त्रज्ञांनी ते जुन्या नोंदी गाळून घ्यायला तयार केलं होतं. पण हत्यार एकदा हाती आलं की माणूस ते घरभर परजत फिरतो. कुठल्याशा जिल्ह्यात पर्जन्यमापकावरच्या माणसानं बावीस वर्षं घरी बसूनच पाऊस लिहिल्याचं त्यानं उघडकीला आणलं होतं. माणूस मरून चौदा वर्षं झाली होती, तरी त्याच्या नातवाला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. कुठे रुग्णांचा रक्तदाब न तपासता लिहिणाऱ्या बायका सापडल्या होत्या. पारख कुणावर रागवायचं नाही, कुणाला दोष द्यायचं नाही, फक्त सांगायचं. त्याचीच लोकांना धास्ती होती.

आता बाबी पेंडुरकर हा माणूस ताऱ्यांकडे वळला कसा, हे सांगायला हवं.

बाबी गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचं घर. त्याच्याकडे छप्पन्न बत्त्या, सगळ्या एका मापाच्या. दशावतारी नाटकाला, लग्नाला आणि रात्री मासे मारायला जाणाऱ्या होड्यांना बत्ती न्यायची ती बाबीकडूनच. तेव्हा टेकडीवर बसून काळोखात दिसणाऱ्या ठिपक्यांवरून कुठली होडी किती लांब आहे, हे तो सांगायचा आणि पोरं पैज हरायची. यात जादू काही नव्हती. बत्ती एका मापाची आहे हे पक्कं ठाऊक असलं, की ती जितकी मंद दिसेल तितकी लांब. दुप्पट लांब गेली की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट गेली की नववा हिस्सा. एवढं गणित बाबीला कुणी न शिकवता डोळ्यांत बसलं होतं.

१९८० साली सूर्यग्रहण बघायला एक प्राध्यापक आले. रात्रीच्या मुक्कामाला त्यांनी बाबीकडून चार बत्त्या नेल्या आणि त्याचा हा खेळ पाहून ते चाटच पडले. "अहो पेंडुरकर, ताऱ्यांचं अंतर आम्ही असंच मोजतो!" ते म्हणाले. आणि मग टेकडीवर बसून त्यांनी त्याला सगळं समजावलं.

नाकासमोर अंगठा धरून एकदा उजवा, एकदा डावा डोळा मिटला की अंगठा मागच्या झाडापुढे सरकल्यासारखा दिसतो. हात लांब नेला की सरकणं कमी. जवळच्या ताऱ्यांचं अंतर तसंच काढतात: पृथ्वी जानेवारीत असते तो एक डोळा, जुलैत असते तो दुसरा. पण फार लांबचे तारे सरकतच नाहीत म्हणा ना, इतके थोडे सरकतात. तिथं बत्तीचाच हिशेब लागतो. अडचण एकच, आकाशातल्या बत्त्या एका मापाच्या नाहीत. मात्र काही तारे असे आहेत की ते ठरावीक दिवसांनी फुगतात, आकसतात, तेजाळतात, मंद होतात. त्यांना सेफीड म्हणतात. हा फेरा जितक्या दिवसांचा, तितका तो तारा मुळात मोठ्या तेजाचा. म्हणजे फेऱ्याचे दिवस मोजले की बत्तीचं माप कळलं. माप कळलं, की दिसणाऱ्या उजेडावरून अंतर. साऱ्या विश्वाची मोजदाद या शिडीवरून चढत जाते, आणि खालची पायरी बोटभर हलली तरी वरचं सगळं हलतं.

असा एक तारा दक्षिणेला, अगस्तीच्या डावीकडे, नौकातल तारकासमूहात आहे. सोळाशे प्रकाशवर्षांवर, पस्तीस दिवस आणि काही तासांचा फेरा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. उत्तरेकडच्या देशांतून तो दिसतच नाही. आपल्याकडे मार्च ते मे, समुद्रावर हातभर वर येतो. "त्याच्यावर लक्ष ठेवणारं इकडे कुणी नाही," प्राध्यापक म्हणाले. बाबीनं ठेवलं. शेजारचे दोन तारे घ्यायचे, एक त्याच्याहून तेजस्वी, एक मंद, आणि आपला तारा त्या दोघांच्या मधे कुठे बसतो ते दशांशात सांगायचं. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती वर्गातल्या नंबरांसारख्या, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. तीन पूर्णांक तीनपासून चार पूर्णांक दोनपर्यंत हा तारा खाली-वर व्हायचा आणि बाबीची पोस्टकार्डं निरीक्षकांच्या एका परदेशी संस्थेला जायची. गावात वीज आली, बत्त्या माळ्यावर गेल्या, बायको गेली. तारा राहिला.

एकच गोष्ट बाबी लहानग्या शालनला परत परत बजावायचा. "बत्ती मंद दिसली म्हणान होडी लांब आसा असा म्हणा नये हां. मधी धुक्याट आसात. आधी धुक्याट बघूचा."

२०१० च्या पावसाळ्यात काचबिंदूनं बाबीचे डोळे गेले. जाताना त्यांनी आधी कडेचं जग नेलं आणि मग मधलं. तेव्हा शालन छत्तीस वर्षांची, वेंगुर्ल्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. पुढच्या वर्षी मार्च उजाडला तसा बाबी एका संध्याकाळी म्हणाला, "गो शालन, माका आता दिसणा नाय. तू बघशीत काय? नाव माझाच रवांदे." नियमात ते बसत नव्हतं, दुसऱ्याची नजर आपल्या नावावर घालायची नसते, आणि हे बाबीइतकं कुणाला ठाऊक होतं? पण एकतीस वर्षांचा धागा तुटू द्यायला त्याचं मन होईना. माणसाचा पाय घसरतो तो असा, त्याला सर्वांत प्रिय असलेल्या जागीच.

मग रोज रात्री जेवणं झाली, रेडिओवर बातम्या लागल्या, की बाबी म्हणायचा, "बातम्यो लागल्यो. जा, बघून ये." शालन बासष्ट पायऱ्या चढून टेकडीवर जायची. काळोखाला नजर सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर दगडावर बसायचं, मग बघायचं, उतरायचं आणि वहीत लिहायचं. बाबी आकडा विचारायचा, मान हलवायचा. कधी कधी म्हणायचा, "फुडे दोन टिंबां घाल." आकड्यापुढे एकाखाली एक दोन टिंबं म्हणजे ही नोंद खात्रीची नाही, असा निरीक्षकांचा रिवाज आहे; धुकं असलं, ढग आडवा आला, की घालतात.

"कित्याक, बाबानू? आभाळ तर साफ आसा."

"माका हवा जड लागता. घाल तू."

आंधळ्या म्हाताऱ्याची लहर, म्हणून ती घालायची.

आणि हे खोटं कधी सुरू झालं? पहिल्याच वर्षी. उल्हास रेडकर नावाचा माणूस होता, मालवाहू बोटीच्या इंजिनावर कामाला. कॉलेजच्या पंपाची दुरुस्ती करायला एकदा आला होता आणि ओळख वाढत गेली. बोटीवर त्याला रात्री दहाच मिनिटं मोकळी मिळत, नेमकी बातम्यांच्या वेळेला. शालनच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती. ती मिळायची पायऱ्यांच्या सुरुवातीला, रातांब्याच्या झाडाखाली. एक दिवसाआड तिथं उभी राहून ती बोलायची. फोनच्या उजेडानं डोळे दिपलेले असत, पुन्हा सरावायचे म्हणजे आणखी वीस मिनिटं, आणि सकाळी सातला कॉलेज. शिवाय त्याच्याशी बोलून झाल्यावर ताऱ्याकडे बघायला जीव कुठला राहतो? ताऱ्याचा फेरा तिला बाराखडीसारखा पाठ होता. आज चौदावा दिवस, म्हणजे तीन पूर्णांक सात. घरात यायची आणि सांगायची.

उल्हासनं तीन वर्षं वाट पाहिली. "मी तुझ्या वडलांनाही नेतो बरोबर," असंही एकदा म्हणाला. पण टेकडीशिवाय बाबी जगेल, असं तिला वाटलं नाही; आणि बाबीला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. २०१४ च्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं, दुसरीशी. पुढं दोन वर्षांनी बाबी गेला. शालन राहिली. बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ज्या माणसाला तिनं फसवलं तो आंधळा होता, आणि तिच्यावर विश्वासून होता. ही लाज इतकी जुनी झाली होती, की तिच्याशिवाय घर तिला ओळखू आलं नसतं.

मंगळवारी रेवती सोनकांबळे आली. तिशीची, नांदेडकडची. पाठीवर पिशवी, पायात धुळीच्या चपला. आल्या आल्या तिनं पाणी मागितलं आणि दोन तांबे प्याली, म्हणून शालनला ती थोडी बरी वाटली.

"मावशी, भीती वाटण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. "मला फक्त समजून घ्यायचंय. हा तारा शिडीच्या पहिल्या पायरीतला आहे. याचा फेरा वर्षानुवर्षं किंचित बदलतोय. किती, ते कळलं तर बाकीची मापं घट्ट बसतात. आणि गंमत बघा, आमच्या मोठ्या दुर्बिणींना तो इतका झगझगीत दिसतो की त्यांचे डोळेच दिपतात. त्या काळातलं इकडून रोज बघितलेलं म्हणाल, तर जगात एकाच माणसाचं आहे. तुमच्या वडलांचं."

"मग वगळता कशाला?"

"कारण कुणीतरी मनानं आकडे घातलेत. पाण्यात थोडं मीठ आणि थोडं विष पडलं, आणि कुठल्या घोटात काय ते सांगता आलं नाही, तर भांडंच ओततात ना? नियमच आहे तसा."

शालननं पदराला हात पुसले. "बाबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते," ती म्हणाली.

रेवतीनं वाद घातला नाही. पिशवीतून पडद्याची पाटी काढली आणि तिच्यावर दोन रेषा दाखवल्या. "ही त्यांची नजर. तारा असतो त्याहून त्यांना नेहमी दोन दशांश तेजस्वी दिसायचा. एकतीस वर्षं, तीच चूक, न चुकता. इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही हो मावशी. आणि ही २०११ नंतरची. ही नजर दुसरी आहे, एक दशांश मंद बघणारी. तीही प्रामाणिकच. आणि हे एकशे सदतीस ठिपके बघा, बरोबर रेषेवर. माणसाचा डोळा चुकतो. हे चुकतच नाहीत."

शालनला हसू आलं, रडूही आलं. इतक्या वर्षांत तिला वाटायचं, आपलं खोटं कच्चं आहे म्हणून कधीतरी पकडलं जाईल. ते पकडलं गेलं होतं फार पक्कं होतं म्हणून.

मागच्या खोलीत पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात सदतीस वह्या. चुलीत घातल्या तर अर्ध्या तासात राख. मग कुणी काय सिद्ध करणार होतं? काल रात्री तिनं ट्रंक ओढून चुलीपर्यंत आणलीही होती आणि परत नेली होती. पण मग बाबीची एकतीस वर्षंही गेली असती. आणि खरं सांगितलं तरी कदाचित जाणारच होती. गप्प राहून जाऊ देण्यापेक्षा, तिनं मनाशी म्हटलं, बोलून जाऊ दे.

"दुसरी नजर माझी," ती म्हणाली. "आणि ते रेषेवरचे ठिपकेही माझेच."

तिनं सगळं सांगितलं. रातांबा, फोन, उल्हास. सांगताना ती रेवतीकडे न बघता बाबीच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत होती.

"कुठल्या रात्री फोन होता, ते आठवतं?" रेवतीनं हळूच विचारलं.

"बत्तीस वर्षं झाली गो बाय. कसं आठवणार?"

"पारखची खात्री शंभर टक्के नसते. दुसरा पुरावा नसेल, तर सगळंच जाईल." रेवतीनं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "वह्या बघू तरी द्या. एवढ्या लांब आलेय."

दुपारभर ती ओटीवर बसून सहा वर्षांच्या वह्यांची पानं पाटीपुढे धरत होती. शालननं तिला सोलकढी दिली, भात दिला. चारच्या सुमाराला रेवती एकदम थांबली. मागची पानं उलटली, पुन्हा पुढची.

"मावशी, ही दोन टिंबं तुम्ही घातलीत?"

"मी घातली. बाबा सांगायचे म्हणून. लहर त्यांची. हवा जड वाटली की."

"ही आमच्याकडे पोचलीच नाहीत. परदेशात कुणीतरी पोस्टकार्डं यंत्रात भरताना नुसते आकडे घेतले असणार." तिचा आवाज बदलला होता. "मावशी, पारखनं संशय घेतलेल्या एकशे सदतीस नोंदी आहेत. त्या प्रत्येकीपुढे टिंबं आहेत. प्रत्येकीपुढे. आणि तुम्ही खरोखर बघितलेल्या एकाही नोंदीपुढे नाहीत."

रेवतीनं पुन्हा मोजलं.

"नाही, थांबा, चार जास्त आहेत. एकूण एकशे एक्केचाळीस. या चारांवर पारखला संशय नाही, पण टिंबं आहेत. सतरा एप्रिल, दोन हजार तेरा..."

ते चार शालनला आठवत होते. त्या आठवड्यात तिच्या मनात आलं होतं, की आपले आकडे फार गुळगुळीत येताहेत. म्हणून मुद्दाम चार दिवस वाकडेतिकडे सांगितले होते. पारखला ती चकवून गेली होती. बाबीला नाही.

"पण त्यांना दिसत नव्हतं," रेवती म्हणाली. "कळलं कसं त्यांना?"

शालन खुर्चीकडे बघत होती. खुर्चीशेजारच्या फळीवर रेडिओ असायचा. "बातम्या," ती म्हणाली. "बातम्या पंधरा मिनिटांच्या. टेकडीवर जाऊन नजर सरावून यायचं, तर बातम्या संपून पुढचं भजन अर्ध्यावर यायचं. फोन करून मी यायची, तेव्हा बातम्याच चालू असायच्या. एकतीस वर्षं तो चढला होता त्या पायऱ्या. त्याला घड्याळ कशाला हवं होतं?"

रेवतीनं शेवटची वही चाळली. "मे २०१४ नंतर एकही टिंब नाही."

"त्यानंतर फोन आला नाही."

आणि मग बाहत्तर वर्षांची शालन पेंडुरकर रागानं उठली. असा राग तिला कधी आला नव्हता. "ठाऊक होतं त्याला! चार वर्षं ठाऊक होतं! रातांब्याखालचं बोलणं ओटीवर पुसट ऐकू येत असणार! आपल्या ताऱ्याला माझं खोटं लागू नये म्हणून टिंबं घालून घेतली माझ्याच हातानं. आणि मला एक शब्द नाही. एकदा म्हणायचं होतं, कुणाशी बोलतेस गो? जा म्हणायचं होतं. मी गेले असते!"

रेवतीनं वही मिटून बाजूला ठेवली.

राग चहाच्या आधणाइतका टिकला. शालन चुलीपाशी उभी होती आणि तिला त्या मे महिन्यातली एक रात्र आठवली. उल्हासच्या लग्नानंतरची. ती टेकडीवर गेली होती आणि दीड तास उतरलीच नव्हती. आली तेव्हा बाबी रेडिओ बंद करून अंधारात बसला होता. "आज खूप येळ रवलंस गो वर," तो म्हणाला. "आभाळ बरा होता," ती म्हणाली. मग बराच वेळ बाबीनं तिचा हात धरून ठेवला. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याला आधार हवाय.

लग्न झाल्याचं त्याला कळलं नसेल, पण फोन थांबल्याचं कळलं होतं. आपण गप्प राहिलो ते चुकलं, हेही कदाचित त्याच रात्री कळलं असेल. तो तिला जा म्हणू शकला नाही, कारण ती गेली असती. तीही त्याला सांगू शकली नाही, कारण त्यानं जा म्हटलं असतं. एका ओटीवर दोन माणसं सहा वर्षं बसली होती, आणि दोघांना दुसरं माणूस फार लांब वाटत होतं.

"वगळणार नाही आम्ही," चहा पिताना रेवती म्हणाली. "तुमच्या वडलांची एकतीस वर्षं त्यांच्या नावावर राहतील. टिंबांच्या नोंदी बाजूला ठेवू; त्यासाठीच तर ती असतात. आणि उरल्या दोनशे ब्याऐंशी त्या तुमच्या आहेत. तुमच्या नावानं वेगळी खूण मिळेल. संशोधन छापलं जाईल तेव्हा दोघांची नावं येतील, बाबी पेंडुरकर आणि शालन पेंडुरकर."

"एका ओळीत?"

"एका ओळीत."

शालननं कप विसळला. "तुझी बस किती वाजता?"

"साडेसहा. पण मावशी, नव्या नावावर आजची एक नोंद केलीत तर? यंत्राला नको आहे ती. मलाच वाटतं."

"माझे मोतीबिंदू काढलेत. ती नजर राहिली नाही आता."

"मग ही नवी नजर," रेवती म्हणाली, आणि बस चुकू नये म्हणून निघाली. वाटेवरच्या बाभळीपाशी वळताना तिनं हात केला.

काळोख पडल्यावर शालननं गुडघ्यांना तेल लावलं, काठी घेतली आणि बासष्ट पायऱ्या चढली. तीस वर्षांत चढली नव्हती. रातांब्यापाशी थोडी थांबली. वर दगड तोच होता. समुद्रावर मासेमारीच्या बोटींचे पांढरे दिवे फार, खालचं अर्धं आभाळ धुवून टाकत होते. त्यांची बाजू हातानं झाकून ती बसली. पंधरा मिनिटं, वीस. उजव्या हाताला अगस्ती कलला होता. आणि मग डावीकडे, समुद्रापासून हातभर वर, तो दिसला. सोळाशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड. त्याला तिच्या असण्या-नसण्याचं काही नव्हतं, तरी तिनं त्याच्याकडे घरच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. एक शेजारी तेजस्वी, तीन पूर्णांक दोनचा; एक मंद, चार पूर्णांक दोनचा. मधलं अंतर दहा वाट्यांत विभागलं. सहावा वाटा. पुन्हा पाहिलं. सहावाच.

उतरताना प्रत्येक पायरीवर काठी टेकली. घरात दिवा न लावता ती खुर्चीसमोर उभी राहिली. किती, असं कुणी विचारलं नाही. तरी थोडा वेळ ती थांबली.

"तीन पूर्णांक आठ, बाबानू," ती म्हणाली. "नीट बघून इलंय. टिंबां घालू नकात."